स्वेटरवरचा नंबर

"हॅलो?… हॅलो, लॉण्ड्री. बोला… हो, चादरी संध्याकाळी मिळतील, आत्ता प्रेसवरच आहेत… हॅलो?… अहो, जरा मोठ्याने बोला, इथे वाफेचा आवाज आहे… कोण?… कोण मुंगी?"

मावशीने पेडलवरचा पाय काढला. प्रेसचं झाकण वर गेलं, वाफ फुसकन निघून गेली आणि दुकान एकदम गप्प झालं.

"मुंगी?… आपली मुंगी? हो, हो, मीच. लॉण्ड्रीवाली मावशी… अगं, तू कुठून बोलतेयस? शाळा नाही का आज?… रडू नकोस. आधी सांग… बरं, रड. मी आहे फोनवर. रडून झालं की सांग."

इतक्या वर्षांत मावशीने या मुलीचा आवाज कधी ऐकला नव्हता. चर्चच्या पालकत्व योजनेत एकेका घराने एकेका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलायचा असे, तशी मुंगी मावशीच्या वाट्याला आली होती. तिचा बाप आधीच गेलेला. आई एका दवाखान्यात झाडलोट करायची. आपलं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर तिने स्वतः लेकीचा हात धरून तिला मिशनच्या शाळेत आणून सोडलं होतं. मावशीही लहानपणी अशाच एका शाळेत शिकली होती. वाचायला, चारचौघांत मान वर करून बोलायला, रात्री निजताना देवाशी दोन शब्द बोलायला ती तिथेच शिकली. तिचा खर्च कोण करतं हे मात्र तिला कधीच कळलं नाही. त्या न दिसलेल्या माणसाचा विचार तिने आयुष्यभर केला होता. म्हणून तिने ठरवलं होतं की आपण आपल्या मुलीला निदान ठाऊक असायचं. दर हिवाळ्यात ती मुंगीला एक स्वेटर पाठवायची, आणि दुकानातल्या कपड्यांना लावतात तशी कापडी पट्टी त्याच्या गळ्याशी आतून शिवून द्यायची. पट्टीवर लॉण्ड्रीचं नाव आणि फोन नंबर. कपडा हरवला तर परत यावा म्हणून.

"स्वेटरवर बघून लावलास? शहाणी गं माझी… हं… कोणाबरोबर?… मामा? कुठला मामा?… तुलाही माहीत नव्हता. बरं… मुंगीच म्हणाला तुला? मग असेल खरा. ते नाव तुझ्या आईनेच ठेवलेलं… आजी आजारी आहे म्हणाला. आणि वसतिगृहातून सोडलं कोणी तुला? मेट्रनबाईंनी?… रजेवर आहेत. नव्या बाईंनी सोडलं. हं… मग भिण्यासारखं काय झालं, राणी? आजीकडेच नेतोय ना?"

हे विचारताना मावशीला अजून वाटत होतं की पोर घराबाहेर पहिल्यांदा पडली आहे, बावरली आहे, एवढंच असेल.

"आजी डोंगराकडच्या गावात असते. बरं… आणि बस?… बंदराकडची?… तू पाटी नीट वाचलीस का?… दोनदा वाचलीस… फोनवर बोलत होता? कोणाशी?… आठवेल तसं सांग. त्याचेच शब्द सांग… 'बारकी आहे, पण कामाला चपळ आहे.' हं… 'संध्याकाळपर्यंत आणून सोडतो.' हं… अजून?… एवढंच. बरं."

'बरं' म्हणताना मावशीचा आवाज नीट निघाला, पण स्टूल चाचपून ती खाली बसली. बंदराच्या शहरात घरकामाला नेलेल्या मुलींबद्दल चर्चच्या पाळकांनी एका रविवारी सांगितलं होतं. घरं मोठी असतात, दारं बाहेरून लावलेली असतात, आणि मुलगी कुठल्या घरात आहे ते सांगू शकेल असा एकही माणूस मागे राहत नाही. चर्चमधल्या बायका ऐकून चुकचुकल्या होत्या. मावशीही चुकचुकली होती, आणि घरी येऊन पोटभर जेवली होती.

नणंद मागच्या टेबलापाशी हॉटेलच्या वेटरांच्या कोटांना बटणं लावत होती. मावशी तिला वन्सं म्हणे. मुलीला ऐकू जाईल म्हणून तोंडाने काही सांगण्याची सोय नव्हती. मावशीने कपड्यांना लावायचा एक टॅग ओढला आणि त्यावर मार्करने लिहिलं: 'मुंगीला पळवतायत. वसतिगृह. पोलीस.' वन्संनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वाचलं, सुई कोटातच खोचली आणि मोबाइल घेऊन उठल्या.

"मी आहे, मी आहे. जरा कागद घेत होते… मामा आत्ता कुठे आहे?… तिकिटाच्या रांगेत. तुला दिसतोय का?… पाठमोरा. बरं. तू कुठे आहेस?… बायकांच्या खोलीत. छान केलंस… फोन कोणाचा?… तिथल्या एका आजींचा. काय सांगून मागितलास?… मैत्रिणीला करायचाय म्हणून. असू दे, असू दे. आता स्टँडचं नाव वाच बघू. तिकीट खिडकीच्या वर असेल… अक्षरं सांग एकेक… हं… हं."

ते नाव तिने दुसऱ्या टॅगवर लिहून दाराच्या काचेला धरलं. फोनची वायर ताणून कुरळ्याची सरळ झाली. बाहेर पायरीवर उभ्या वन्संनी काचेतून नाव वाचलं, मान हलवली आणि पाठ फिरवून मोबाइलवर बोलू लागल्या. ते गाव म्हणजे बसने दोन-तीन तासांची वाट. मावशीला वाटलं, आत्ता धावत सुटावं. आणि हेही कळत होतं की हातातला रिसीव्हर खाली ठेवला तर पलीकडे काहीच उरणार नाही.

"नाही, पळू नकोस. अगं ऐक ना… मुंगी, ऐक. स्टँडच्या बाहेर गेलीस तर मला दिसणार नाहीस… म्हणजे, सापडणार नाहीस मला. तिथेच बस. कोपऱ्यात सरक… कसला भोंगा तो?… आजींची बस लागली?… फोन मागतायत? दे त्यांना. दे, मी बोलते त्यांच्याशी."

मावशीने ओला तळवा साडीला पुसला.

"नमस्कार, आजी. घाईत आहात, कळतंय मला. जरा ऐका… मी मैत्रीण नाही तिची. मी तिची…"

इथे तिला शब्द सापडेना. आई नव्हे, आत्या नव्हे, शिक्षिका नव्हे.

"मी तिच्या शाळेचं बघते. पोर अनाथ आहे, मिशनच्या वसतिगृहात असते. रांगेत उभा आहे तो तिचा मामा, पण तो तिला घरी नेत नाहीये, बंदराला कामाला नेऊन सोडतोय… नाही, पुरावा काही नाही माझ्याकडे. तिने ऐकलं तेवढंच… हो… हो का? कोणाचं ऑपरेशन?… मुलीचं. उद्या सकाळी… हो, आजी, अशा वेळी आईच लागते. तुम्ही जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने म्हणू… पुढची बस किती वाजता?… संध्याकाळी. म्हणजे पोचाल तरी… आजी, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. पण तुम्ही उठलात की त्या खोलीत तिच्या बाजूचं कोणीच नसेल. पोलिसांना कळवतोय आम्ही. ते येईपर्यंत फक्त बसा तिच्याजवळ… आजी?… हॅलो?"

बसचं इंजिन घरघरलं, कोणीतरी पत्र्यावर थापा मारल्या, दार आपटलं. मावशीने रिसीव्हर इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. इंजिनाचा आवाज वाढत गेला, मग लांब गेला, आणि त्याच्यामागे नुसती माणसांची कलकल उरली. फोन बसबरोबर गेला की खोलीत राहिला, काही कळेना.

"हॅलो?… कोणी आहे का?… कोण, आजी? तुम्ही… तुम्ही गेला नाहीत."

मावशीने हँगरांच्या दांडीवर कपाळ टेकलं. दांडी गार होती.

"नाही, रडत नाहीये. बोला… हो, पोरीला तुमच्या आणि भिंतीच्या मधे बसवा. तुमची पिशवी पुढ्यात ठेवा. तो आला तर म्हणा, पोट दुखतंय तिचं, जरा बसू दे. वाद घालू नका त्याच्याशी. आणि फोन मात्र बंद करू नका."

वन्सं आत आल्या आणि अगदी कानाशी येऊन सांगू लागल्या. वसतिगृहातल्या नव्या बाई फोनवरच रडायला लागल्या होत्या. मामाने मुलीच्या आईबरोबरचा आपला जुना फोटो दाखवला, आजी अखेरच्या घटका मोजतेय म्हणाला, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. मेट्रनबाईंना निरोप गेला होता. पोलिसांनी स्टँडवरच्या चौकीला कळवलं होतं, पण चौकीतल्या हवालदारबाई जेवायला घरी गेल्या होत्या आणि त्यांना बोलवायला माणूस धावला होता. तोवर थोपवून धरा, असं पोलीस म्हणाले होते. मावशीने विचारलं असतं की फोनवरून माणूस थोपवायचा कसा, पण तेवढ्यात पलीकडे गलका झाला.

"काय झालं?… आजी, कोण आलंय?… मुंगी?… फोन ठेवू नका, आजी. फोन त्याच्याकडे द्या. द्या, मी बोलते… हॅलो?"

आवाज दांडगा असेल असं तिला वाटलं होतं. तो हळू होता, दमलेला होता, आणि तिला 'बाई' म्हणत होता. मावशी त्यानेच जास्त घाबरली. ओरडणाऱ्या माणसाभोवती लोक जमतात. हा तर भाचीचा हात धरून सरळ चालत गेला असता आणि कोणी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

"नमस्कार, भाऊ… मी लॉण्ड्रीवाली… हो, तीच, स्वेटरवाली… छे, पळून जा असं कशाला सांगेन मी? घाबरली होती, म्हणून बोलत बसले… बरोबर आहे. तुमचं रक्ताचं नातं, मी कोण मधे पडणारी… तुम्हाला कोणी कळवलं नाही, हो, चुकलंच ते… धर्माचं म्हणताय? भाऊ, तिच्या आईनेच तिला तिथे आणलं. मी तेव्हा दोघींना पाहिलंही नव्हतं… प्रार्थना करते, हो. गाते. गणितं करते… हो… घर चांगलं आहे म्हणता? असेल ना. जेवण, कपडे… घरच्यासारखी ठेवतील… असेल, भाऊ. तुम्ही बघूनच ठरवलं असेल."

आजारी आजीच्या नावाने खोटं का सांगितलंत, हे विचारायला जीभ शिवशिवत होती, पण तो चिडला तर फोन कापील एवढं तिला कळत होतं. वन्संनी हात हलवून खूण केली, अजून नाही, अजून नाही. तिकडे मामा म्हणत होता की बसची वेळ झाली. मावशीच्या डोक्यात काहीही नव्हतं. जे आलं ते थेट तोंडात आलं.

"भाऊ, जाताय तर एकच सांगा. तिच्या गोळ्या घेतल्यात ना बरोबर?… गोळ्या. झटक्यांच्या… सांगितलं नाही तुम्हाला? त्या बाई नव्या आहेत, विसरल्या असतील… हो ना, फिट येते तिला."

कपडे उद्या नक्की देते, यापलीकडचं खोटं मावशी आजवर कोणाशी बोलली नव्हती. आता ते सरळ धाग्यासारखं निघत गेलं.

"कधी येईल सांगता येत नाही. उभ्या उभ्या पडते… दातखीळ बसते, डोळे फिरतात. विस्तवाजवळ एकटी ठेवायची नाही. ओल्या फरशीवर नाही, जिन्यात नाही. तान्हं मूल तर हातात द्यायचंच नाही… त्या घरात आहे का लहान बाळ?… मग सांगून ठेवा बाई त्यांना आधी. उद्या काही झालं तर तुमच्यावर येईल… रात्री कोणीतरी शेजारी झोपावं लागतं… लिहून घेता? पेन आहे का?… मागा तिथे कोणाकडे. मी थांबते."

तो खरोखरच आजींकडे पेन मागताना तिला ऐकू आला. वन्संनी दोन बोटं वर केली आणि मग हाताने पळण्याची खूण केली. हवालदारबाई रस्त्याला लागल्या होत्या तर, दोन मिनिटांत पोचणार होत्या.

"हं, लिहा. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर… काय म्हणालात?… कोणाला?… तुमच्या बहिणीला? म्हणजे मुंगीच्या आईला?… लहानपणी… नदीवर… तुम्ही धरून बाहेर काढलंत…"

पलीकडचा माणूस आता बसची घाई विसरला होता. आपली बहीण शाळेत कशी पडायची, तिला कुशीवर वळवायचं काम आपलंच कसं असायचं, लोक हसायचे म्हणून तिने शाळा कशी सोडली, हे तो तुटक तुटक सांगत होता, आणि पोरीलाही तेच लागलंय का, तेच लागलंय का, असं पुन्हा पुन्हा विचारत होता. मावशीने घडीभरापूर्वी बनवलेला आजार त्याच्या घरात खराच होता. आपण काय बोलून बसलो, कोणाच्या जखमेत हात घातला, असं तिला झालं. पण 'नाही, मी खोटं बोलले' असं म्हणण्याची ती वेळ नव्हती.

"नाही, भाऊ… मरत नाही कोणी त्याने. काळजी घ्यायला लागते… हो… घ्यायला लागते. म्हणूनच म्हणते, जरा बसा. पाणी प्या… हॅलो?… भाऊ?… हॅलो, कोण बोलतंय?… हवालदारबाई?"

वन्सं मागच्या भिंतीला टेकून सावकाश खाली बसल्या.

"हो, मीच कळवलं. लॉण्ड्रीतून… हो, मेट्रनबाई येतायत, मीही निघते… लेखी देईन ना, सही करीन… काय म्हणतोय तो?… कोणी दलालाने घर सुचवलं. हं… सोडू नका त्याला. गोड बोलेल, पण सोडू नका… पोर कुठे आहे?… आजींच्या मांडीवर. द्या तिच्याकडे."

आता सगळं संपलं होतं, आणि नेमकी आत्ता मावशी पुन्हा स्टुलावर बसली. मघापासून थोपवलेली भीती एकदम आली. ती बस सुटली असती तर, आजी चढल्या असत्या तर, पट्टी धुऊन धुऊन पुसट झालेली असती तर. प्रेसवरच्या चादरीला करपल्याचा वास येत होता आणि उठून बघायचं तिला सुचत नव्हतं.

"मुंगी?… हो, ऐकतेय… नाही गं, तुला काही झटके येत नाहीत… मी खोटं बोलले… हो, पाप आहे. हो, पवित्र शास्त्राच्या तासाला सांगितलंय तुला, मलाही सांगितलं होतं… ते मी बघते देवाशी… नाही, तू त्या वसतिगृहात एकटी परत जायचं नाहीस. मी आल्यावर, मेट्रनबाईंशी बोलल्यावर बघू. तोवर आजींचा पदर सोडायचा नाही… माझा आवाज कसा येतोय?… घाबरले होते ना. अजूनही घाबरलेय… प्रार्थना?… आत्ता, फोनवर?… मी सांगू?"

मावशीने डोळे मिटले. चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहून प्रार्थना करणारी ही बाई; तिला एक वाक्य सुचेना. मिटल्या डोळ्यांपुढे नुसती बंद दारं येत होती.

"मला येत नाहीये, मुंगी. खरंच येत नाहीये. तू कर. मी ऐकते."

पलीकडे स्टँडची कलकल होती, आणि त्यातून तो लहानसा आवाज, वसतिगृहात शिकवतात तसा, एकेका माणसाचं नाव घेत निघाला.

"हं… हो, आजींसाठी… आजींच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी, हो… नव्या बाईंसाठी. बरं… माझ्यासाठी?… हं… आणि मामासाठी?"

मावशीने डोळे उघडले.

"मामासाठी काय मागतेयस?… त्याचे हात थरथरतायत… कोपऱ्यात बसवलंय त्याला… त्याला कोणी मारू नये… त्याची भीती जावी."

मग मुंगी थांबली. तिचं म्हणून झालं होतं आणि ती शेवटचा शब्द ऐकायची वाट पाहत होती. रिसीव्हर धरलेला तिचा हातही थरथरतच होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरला.

"हो, आहे मी… ऐकलं ना, सगळं ऐकलं… म्हणते गं. थांब जरा."

वन्सं उठल्या आणि त्यांनी प्रेसचं बटण बंद केलं.

"आमेन," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला.